घरचा वाढदिवस, मुलांच्या हातचा

पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत वाढदिवसाच्या सामानाच्या दुकानांत शनिवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसते. छतापासून पाकिटं लटकलेली असतात : डायनासोर, युनिकॉर्न, जंगल सफारी, स्पायडरमॅन, जलपरी, क्रिकेट. एकेका पाकिटात नावाच्या अक्षरांची माळ, पंचवीसेक फुगे, चमकीचा पडदा, केकवर खोचायची चित्रं आणि वयाच्या आकड्याचा मोठा चंदेरी फुगा. दुकानदाराचे प्रश्न ठरलेले. "कितवा, ताई?" आणि लगेच, "थीम कोणती?" मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर गेलात किंवा नागपूरच्या इतवारीत, प्रश्न हेच.

दुसऱ्या प्रश्नापाशी बऱ्याच आया अडखळतात. पाच वर्षांच्या मुलीसाठी खरेदीला आलेल्या एका आईच्या हातात युनिकॉर्नचं पाकीट होतं. मुलीला युनिकॉर्न आवडतो का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "तिच्या वर्गात सगळ्यांकडे हाच होता. तिला सध्या गोगलगाईंचं वेड आहे. पावसाळाभर कुंड्यांमधल्या गोगलगाई मोजत होती. पण गोगलगाईचं पाकीट कुठं मिळणार?"

या लेखात मला जे सांगायचं आहे ते सगळं या उत्तरात आलं. गोगलगाईचं पाकीट मिळत नाही, म्हणूनच गोगलगाईचा वाढदिवस घरच्या घरी, थोड्या पैशांत आणि त्या मुलीच्या मनासारखा होऊ शकतो. थीम म्हणजे मुलाच्या डोक्यात महिनाभर घोळत असलेली गोष्ट. ती दुकानातून आणली तर पैसे लागतात, मुलांच्या हातून उभी केली तर वेळ लागतो. आणि मूल तो वाढदिवस खरा जगतं ते या वेळातच.

आपल्याला थीम नवी नाही

वाढदिवस म्हणजे आईने केलेलं औक्षण, देवाला आणि मोठ्यांना नमस्कार, वाटीभर खीर किंवा शिरा, शाळेत गणवेशाऐवजी नवा फ्रॉक आणि वर्गात वाटायला रावळगावच्या गोळ्यांची पिशवी. चाळिशी-पन्नाशीतल्या बहुतेकांच्या आठवणीत हेच आहे. पुढे संध्याकाळचा केक आला, सोबत वेफर्स, सामोसा आणि रसनाचा पेला आला. एका पाकिटात बत्तीस ग्लास व्हायचे, त्यामुळे रसना सगळ्या चाळीला पुरायचं. तेव्हा कुणी थीम हा शब्द उच्चारत नव्हतं. म्हणून आजच्या आजी-आजोबांना ही सगळी बाहेरून आलेली हौस वाटते.

पण मराठी घरातली बोरन्हाणं आठवून पाहा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीतरी संध्याकाळी लहानग्याला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने घालायचे, मुकुट, बासरी, बाजूबंद. बाळ कृष्ण झालं. पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या ओतायच्या आणि आळीतल्या पोरांनी त्या गोळा करायला झेप घ्यायची. पोशाख आहे, कथा आहे, रंग ठरलेला आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खेळ, खाऊ आणि परतभेट या तिन्ही गोष्टी एकाच कृतीत उरकल्या आहेत. पोरांनी जे गोळा केलं तेच घरी न्यायचं. कमी खर्चातल्या मुलांच्या समारंभाचा इतका नेटका आराखडा दुसरा सांगता येणार नाही.

डोहाळजेवणही असंच. कुणाचं झोपाळ्यावरचं, कुणाचं चांदण्यातलं, कुणाचं नावेतलं, कुणाचं बागेतलं. चांदण्यातलं म्हटलं की गच्ची आणि पांढरी साडी, नावेतलं म्हटलं की घरातल्याच पलंगाला पुठ्ठ्याचं सुकाणू आणि ओढणीचं शीड. चैत्रगौरीची आरास, गणपतीपुढचा देखावा ही तर घरोघरची सवय. आणि दिवाळीतला किल्ला? माती, विटा, जुनं पोतं, त्यावर पेरलेले हळीव, पायथ्याला तळं, बुरुजावर मावळे. आठ-दहा वर्षांची पोरं चार दिवस चिखलात हात घालून एक अख्खं जग उभं करतात आणि त्याला मातीच्या चित्रांपलीकडे फारसा खर्च येत नाही.

म्हणजे सामान आपल्या घरात आहे, सरावही आहे. वाढदिवसाच्या दिवशी मात्र आपण तो विसरतो आणि पाकीट विकत घेतो.

पैसा जातो कुठे

ठाण्यात फुग्यांच्या सजावटीची कामं घेणाऱ्या एका तरुणाने मला त्याचा हिशेब मोकळेपणाने सांगितला. अडीचशे फुग्यांची कमान म्हणजे दोन माणसांचे दोन-अडीच तास. त्यावर पंप, स्टँड, टेम्पोभाडं, रात्री येऊन सगळं सोडवणं. त्याचे दर त्याच्या कष्टांच्या मानाने रास्त आहेत. "पण मॅडम," तो म्हणाला, "पोरं कमानीकडे पाच मिनिटं बघतात. मग त्यांना ते फुगे फोडायचेच असतात. आईवडील ओरडतात, फोटो होईपर्यंत थांबा."

खर्चाची दुसरी मोठी बाजू म्हणजे केक. साखरेच्या लगद्याचे पुतळे बसवलेला केक किलोच्या भावाने विकला जातो आणि तो भाव साध्या केकपेक्षा बराच चढा असतो, कारण त्यात तासन्‌तास हाताचं काम असतं. हा साखरेचा लगदा बहुतेक मुलं खात नाहीत. ताटल्यांच्या कडेला निळे-गुलाबी तुकडे काढून ठेवलेले कुठल्याही वाढदिवसाला दिसतील.

तिसरी बाजू म्हणजे पाहुण्यांचा आकडा, आणि खरं अंदाजपत्रक इथेच ठरतं. जेवण, परतभेट, जागा, सगळं माणसामागे वाढतं. सोसायटीतले सगळे, ऑफिसातले चौघे, दोन्हीकडचे नातेवाईक आणि वर्गातली पस्तीस मुलं असा पसारा झाला की घर पुरत नाही. मग हॉल येतो, हॉल आला की केटरर येतो, आणि इतक्या मुलांना सांभाळायचं कुणी म्हणून जादूगार किंवा निवेदक येतो. मुलाचं वय जितकं तितके छोटे पाहुणे, वर दोन-तीन जिवलग, एवढा नियम पाळला तरी निम्म्याहून जास्त खर्च आपोआप गळतो. सहा वर्षांच्या मुलाला आठ-नऊ मित्र पुरतात. त्यापुढे त्याला चेहरेही लक्षात राहत नाहीत.

पहिल्या वाढदिवसाबद्दल वेगळं बोलायला हवं. घरकाम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, छोट्या नोकऱ्यांवर असलेल्या अनेक घरांत पहिल्या वाढदिवसाला मांडव, फ्लेक्स, डीजे आणि दोनशे पानं उठतात. त्यासाठी भिशी उचलली जाते, कधी उसने पैसे घेतले जातात. बाळ जगलं, वाढलं, याचा तो आनंद असतो आणि त्या आनंदाला नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण बाळ त्या आवाजाने आणि माणसांनी भेदरून रडत असतं आणि फेडीचे हप्ते पुढे वर्षभर चालतात. त्या दिवशी दहा माणसांत औक्षण करावं आणि उरलेल्या पैशांचं बाळाच्या नावावर पोस्टात खातं उघडावं. हा सल्ला मी ज्यांना ज्यांना दिला त्यांतल्या काहींनी तो मानला, काहींनी नाही. मला तो अजूनही योग्य वाटतो.

डोंबिवलीतलं चांद्रयान

डोंबिवलीत दीड खोल्यांच्या घरात झालेला एका मुलाचा आठवा वाढदिवस मी जवळून पाहिला. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयानाचा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला तेव्हा हा मुलगा टीव्हीसमोर होता, आणि तेव्हापासून त्याच्या वह्यांच्या शेवटच्या पानांवर चांद्रयानाशिवाय काही नव्हतं. आईवडील दोघंही नोकरी करणारे. सजावटवाल्याने 'स्पेस थीम'चे सात हजार सांगितले होते. त्यात परदेशी अंतराळवीरांची चित्रं होती, विक्रम आणि त्याची प्रज्ञान बग्गी नव्हती. मुलानेच ती सजावट नाकारली.

तीन आठवडे आधी सामान जमवायला सुरुवात झाली. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून फ्रिजचं रिकामं खोकं आलं, ते रॉकेट झालं. त्याला दार कापलं, आतून जुन्या कॅलेंडरांचे गुळगुळीत कागद लावले, बाहेरून पांढरा चुना. दोन्ही अंगांना तिरंगा मुलाने स्वतः रंगवला. पलंगावर उशा पसरून त्यावर पांढरी चादर टाकली, तो चंद्राचा पृष्ठभाग. खिडकीला काळं कापड लावून त्यावर पतंगाच्या कागदाचे तारे चिकटवले. दररोज संध्याकाळी अर्धा तास, इतकाच वेळ दिला होता. "ऑफिसमधून आल्यावर टीव्ही लावायचो त्याऐवजी कात्री हातात घेतली," वडील म्हणाले.

मुलं पाच वाजता आली. दारातच प्रत्येकाला नाव लिहिलेला पुठ्ठ्याचा बिल्ला मिळाला. बारा मुलांचे तीन गट, आणि खेळ पाच.

पहिला खेळ विवरांचा. मोठ्या परातीत पांढऱ्या रांगोळीचा जाड थर, वर गाळणीने भुरभुरलेला गेरू. मुलांनी कमरेच्या उंचीवरून गोट्या सोडल्या. गोटी पडली की लाल थर फाटून पांढरी विवरं उमटायची, आणि भोवती पांढरी किरणं फाकायची. मोठी गोटी, लहान गोटी, उंचावरून, खालून. पंधरा मिनिटं कुणी कुणाशी भांडलं नाही. खेळ झाल्यावर आईने गेरूमिश्रित रांगोळी डब्यात भरून ठेवली, दिवाळीला रंगांत खपेल म्हणून.

दुसरा खेळ प्रज्ञानचा. रिकाम्या काडेपेट्या, बाटल्यांची झाकणं, उदबत्तीच्या काड्या आणि डिंक. खऱ्या प्रज्ञानला सहा चाकं आहेत, म्हणून सहाच लावायची, चारवर भागवायचं नाही, असा यजमानाचा हुकूम होता. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याची ही रीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षं काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी देशभर नेली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि खेळण्यांच्या कृती मराठीतही उपलब्ध आहेत, आणि घरच्या वाढदिवसाला त्यातली दोन-तीन खेळणी पुरेशी होतात.

तिसऱ्या खेळाला सगळी इमारत गोळा झाली. प्रत्येक गटाला एक भाजलेला पापड, जुनी वर्तमानपत्रं, सुतळी आणि एक जुना रुमाल. पापड असा गुंडाळायचा की पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडला तरी मोडता कामा नये. चंद्रावर असंच सावकाश उतरणं साधायला शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खपून काम केलं. पहिल्या गटाने नुसतेच कागद गुंडाळले आणि पापडाचा चुरा झाला. दुसऱ्याने रुमालाची हवाई छत्री केली, पण गाठ एका बाजूला सुटली. तिसऱ्या गटातल्या एका मुलीने वर्तमानपत्राच्या पोकळ नळ्या करून पापडाभोवती पिंजरा बांधला आणि वर रुमाल जोडला. खाली उभ्या आजोबांनी पुडकं सोडवून अख्खा पापड हात उंचावून दाखवला, तेव्हा समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांतूनही टाळ्या पडल्या.

मग कागदी नळीची रॉकेटं फुंकून उडवणं झालं आणि चंद्रावर लंगडी झाली. केक ६ वाजून ४ मिनिटांनी कापायचा, हे मुलाने महिनाभर आधीच ठरवलेलं. सहा वाजता सगळी घड्याळाखाली जमली, शेवटचे दहा सेकंद उलटे मोजले, औक्षण झालं, केक कापला. पावभाजी खाऊन सात वाजता सगळे घरी.

हिशेबाची वही त्या आईने माझ्यासमोर ठेवली. केकचं सामान २२०, पावभाजी ९००, कोकम सरबत १२०, कागद-रंग-डिंक २६०, गेरू-रांगोळी-सेलोटेप-सुतळी १४०, फुगे ६०, परतभेटीला छोटं भिंग आणि वही बारा जणांना ७२०. एकूण २,४२० रुपये. सजावटवाल्याने एकट्या सजावटीचे जे सांगितले होते त्याचा साधारण तिसरा हिस्सा.

गुप्तहेर, मंडई आणि गोगलगाय

थीम शोधायची तर मुलाला "तुला काय हवं?" असं विचारू नये. त्या प्रश्नाला जाहिरातीतलं उत्तर येतं. त्यापेक्षा महिनाभर लक्ष ठेवावं. तो काय काढतो, कशाबद्दल पुन्हा पुन्हा बोलतो, ती कुठलं पुस्तक परत परत मागते, बागेत कशापाशी थांबते. थीम तिथे असते.

पुण्यात एका नऊ वर्षांच्या मुलीला भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने झपाटलं होतं. तिच्या वाढदिवसाला घरात सजावट जवळजवळ नव्हतीच. फुरसुंगीच्या बन्याचे, म्हणजे फास्टर फेणेचे, चाहते आहोत हे सिद्ध करायला दारात त्याचं "ट्टॉक" म्हणावं लागे, इतकंच. बाकी सगळा वाढदिवस इमारतीभर पसरला होता. पहिली चिठ्ठी वॉचमनकाकांकडे, तिथून इस्त्रीवाल्या दादांच्या कपड्यांच्या गठ्ठ्यात, मग दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे. त्या कोडं घालणार आणि उत्तर बरोबर आलं तरच पुढची चिठ्ठी देणार. शेवटची चिठ्ठी गच्चीतल्या टाकीमागे, आणि तिथे शेवेच्या लाडवांचा डबा. खर्च कागदाचा आणि लाडवांचा. त्या आजींना कुणी वाढदिवसाला एरवी बोलावत नसे. त्या दिवशी मुलं त्यांच्या घरातून हलायला तयार नव्हती.

नाशिकच्या एका घरात पाच वर्षांच्या मुलाची थीम होती मंडई, कारण त्याला आजोबांबरोबर बाजारात जायचं वेड होतं. प्रत्येक पाहुण्याला कागदी नोटा मिळाल्या. जुन्या साड्यांचे चार आडोसे, त्यावर चार दुकानं. भेळ, काकडी-गाजराच्या चकत्या, लिंबूसरबत, केळी. मुलं आळीपाळीने दुकानदार आणि गिऱ्हाईक. भाव करणं, सुटे परत देणं, ओरडून माल विकणं. खाऊ आणि खेळ इथेही एकच होता, बोरन्हाणासारखा.

आणि त्या गोगलगाईच्या मुलीसाठी? पुठ्ठ्याच्या पट्ट्या गुंडाळून शंख, मातीच्या गोगलगाई, बोटांच्या ठशांची चित्रं, पोटावर झोपून सगळ्यात सावकाश सरपटण्याची शर्यत, ज्यात शेवटचा येणारा जिंकतो. खाण्यात गुंडाळलेली सुरळीची वडी किंवा चकली. हे सगळं मी त्या आईला दुकानातच सांगितलं. तिने पाकीट परत हुकाला लावलं.

खाऊ

मुलांच्या पोटात दोन तासांत फार काही जात नाही. चार-पाच पदार्थांची गरज नसते. एक पोटभरीचा, एक कुरकुरीत, एक गोड आणि एक सरबत पुरतं. पावभाजी, मिसळीचा सौम्य अवतार, छोटे बटाटेवडे, इडलीचे लहान तुकडे फोडणीला टाकून, धिरड्याच्या गुंडाळ्या, यातलं काहीही चालतं. पदार्थ तोच ठेवून नाव थीमचं दिलं तरी मुलं खूश होतात. डोंबिवलीत पावाला 'उल्का' म्हटलं होतं.

केकसाठी ओव्हन लागत नाही. एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दही, पाव वाटी तूप किंवा तेल आणि पाऊण वाटी दूध एकत्र करून अर्धा तास ठेवावं. रवा फुलला की एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा आणि वेलची घालून हलक्या हाताने ढवळावं. कुकरच्या तळाला मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा थर, त्यावर जाळी किंवा कडं. शिटी आणि रिंग दोन्ही काढायच्या, पाणी घालायचं नाही. दहा मिनिटं कुकर तापवून तूप लावलेला डबा आत ठेवावा आणि मंद आचेवर साधारण चाळीस मिनिटांनी सुरी खुपसून बघावी. सुरी कोरडी निघाली की झाला. वर घट्ट दही-साखरेचा किंवा वितळलेल्या चॉकलेटचा हात. तो चौकोनी कापून जोडला की घर होतं, गोल ठेवला की चंद्र.

निमंत्रण देतानाच आयांना विचारून ठेवावं : अंडं चालतं का, शेंगदाण्याचा त्रास आहे का, जैन जेवण हवं का, मोठ्या आवाजाने मूल घाबरतं का. या चार प्रश्नांना पैसे पडत नाहीत आणि कुठलंही मूल उपाशी किंवा कोपऱ्यात राहत नाही.

काय आणायचं नाही

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या ताटल्या आणि सजावट बंद केली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीवर नजर टाकली तर ती वाढदिवसाच्या सामानाची यादी वाटते : फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, सजावटीचं थर्माकोल, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, काटे, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या डब्यांवरचं आवरण, निमंत्रणपत्रिकांवरचं प्लास्टिक, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर. यातलं काही अजून बाजारात मिळतं. मिळतं म्हणून घेऊ नये.

त्याला पर्याय घरात आहेत. स्टीलच्या वाट्या-ताटल्या कमी पडल्या तर शेजारून आणाव्यात. गावाकडे मंडळाची भांडी कार्याला नेण्याची पद्धत आहेच, सोसायट्यांनीही पन्नास स्टीलच्या ताटल्या आणि पेल्यांचा एक सामाईक संच ठेवावा. एका वर्षात त्याची किंमत वसूल होते. फलकाला जुनी चादर आणि रंग पुरतो. दाराला झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं तोरण लावलं की घर आपोआप सणाचं होतं.

सुरक्षिततेबद्दल मात्र ठाम राहावं. हवेत तरंगणाऱ्या फुग्यांत कधी स्वस्ताईसाठी हायड्रोजन भरलेला असतो. तो पेट घेतो, आणि वाढदिवसाला जवळच मेणबत्ती असते. फेस उडवणाऱ्या 'स्नो स्प्रे'च्या डब्यातला वायूही ज्वालाग्राही असतो. केकवर मेणबत्ती पेटलेली असताना तोंडावर फेस मारण्याच्या खेळात देशात मुलं भाजली आहेत. हे डबे घरात आणूच नयेत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकून श्वास कोंडतो, म्हणून तीन वर्षांखालची मुलं असतील तर फुगे टाळावेत किंवा फुटताक्षणी तुकडे वेचावेत. क्रेप कागदाच्या झालरी मेणबत्तीपासून लांब.

परतभेट आणि पाहुणे

परतभेटीच्या पिशवीत पेन्सिल, खोडरबर, चकाकती डबी आणि चॉकलेट असतं, आणि आठवड्याभरात ते सोफ्याखाली सापडतं. त्यापेक्षा मुलांनी वाढदिवसात स्वतः केलेली वस्तूच घरी न्यावी. प्रज्ञानची गाडी बारा घरांत गेली. त्यावर काही द्यायचंच असेल तर पुस्तक द्यावं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याची किंमत कुणालाही परवडेल अशी आहे. राष्ट्रीय पुस्तक न्यासाची चित्रमय मराठी पुस्तकं एका चॉकलेटच्या पाकिटाच्या आसपास मिळतात. एखाद्या घरी मुलांनी मागच्या वर्षी वाचून झालेली पुस्तकं आणायची आणि अदलाबदल करून न्यायची, अशीही पद्धत सुरू झाली आहे. ती फार चांगली आहे. भेट आणू नका असं स्पष्ट कळवलं तर ज्या पालकांना भेटवस्तू परवडत नाही तेही मुलाला निःसंकोच पाठवतात.

पाहुण्यांच्या यादीत इमारतीत काम करणाऱ्या मावशींची मुलं, वॉचमनची मुलगी, शेजारचं बोलण्यात अडखळणारं मूल असतं का, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावं. हॉलमधल्या वाढदिवसाला यादी माणशी पैशांनी ठरते, म्हणून ती मुलं गळतात. घरच्या वाढदिवसाला एक पाव आणि एक काडेपेटी जास्त, इतकंच लागतं. कामवाल्या मावशींच्या मुलाला आपल्या घरी कपबश्या विसळताना नव्हे, तर मित्राच्या वाढदिवसाला पाहुणा म्हणून बसलेलं बघणं, यातून आपलं मूल जे शिकतं ते कुठल्याही शाळेत शिकवता येत नाही.

ज्यांचा हात चालत नाही, ज्यांना वेळच नाही, त्यांच्यासाठी सोपा क्रम सांगते. तीन आठवडे आधी थीम ठरवा आणि खोकी जमवायला लागा. दोन आठवडे आधी पाहुण्यांची यादी पक्की करा, ती डझनाच्या पुढे जाऊ देऊ नका. आठवडा उरला की कापाकापी आणि रंगकाम, रोज अर्धा तास, मुलाच्या हातात कात्री देऊन. आदल्या रात्री भाज्या चिरून, केक भाजून ठेवा. वाढदिवसाची वेळ दोनच तासांची ठेवा आणि निमंत्रणात संपण्याची वेळही लिहा. एखाद्या काकाला किंवा मोठ्या ताईला खेळांची जबाबदारी द्या. आजीला औक्षणाची. आणि फोटो काढण्याचं काम एकाच माणसाकडे सोपवून बाकीच्यांचे मोबाइल आतल्या खोलीत ठेवून द्या.

मुलांचे वाढदिवस असे हौसेने करायला वर्षं फार थोडी मिळतात. चौथ्यापासून साधारण दहाव्यापर्यंत मूल स्वतःहून हात घालतं, त्यानंतर त्याला मित्रांसोबत बाहेर जायचं असतं. ही सहा-सात वर्षं पाकिटांवर घालवू नका. येत्या वाढदिवसाला बाजारात जाण्याआधी मुलासोबत जमिनीवर बसा, त्याच्या वहीची शेवटची पानं उघडा आणि तिथे जे सापडेल त्याचाच वाढदिवस करा.